तीन प्रस्ताव, अठरा लाख आणि चष्म्यांची एक ओळ

पत्र

सप्रेम नमस्कार,

वडिलांच्या नावाने आम्ही भावंडं एक लहान सार्वजनिक न्यास चालवतो. आजवर शाळांना बाकं, वह्या, मुलींना शिष्यवृत्त्या असं देत आलो. यंदा तुरुंगातल्या निरक्षर बंद्यांच्या शिक्षणासाठी १८ लाख रुपये द्यायचं ठरलं आणि तीन प्रस्ताव आले. पहिला एका मोठ्या संस्थेचा आहे: १४ लाख रुपये, ५०० लाभार्थी, टॅब, इंग्रजीत ४२ पानं, रंगीत आलेख. दुसरा निवृत्त शिक्षकांच्या मंडळाचा: साडेसहा लाख, ६० बंदी, मराठीत हाताने लिहिलेली नऊ पानं. त्यात चष्म्यांसाठी १२ हजार मागितलेत, त्यावरून बैठकीत हशा पिकला. तिसरा ग्रंथालय आणि लेखन कार्यशाळेचा, चार लाखांचा.

भाच्याने इंटरनेटवरून एका परदेशी फाउंडेशनचा १०० गुणांचा तक्ता काढला. त्यात पहिल्याला ८६, तिसऱ्याला ६३ आणि दुसऱ्याला ४१ गुण पडले. थोरले दादा म्हणतात, गुन्हेगारांवर पैसे घालवायचेच कशाला? वहिनींना उद्घाटनाचा फोटो हवाय. मला मनातून दुसरा प्रस्ताव आवडलाय, पण बैठकीत कारण सांगता येत नाही. आमच्यापैकी कुणीही तुरुंगात पाऊल ठेवलेलं नाही. तिन्ही प्रस्तावांच्या प्रती, तो तक्ता आणि माझं टिपण सोबत पाठवते आहे. कसं ठरवावं?

एक विश्वस्त, उत्तर महाराष्ट्र

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या बैठकीत ज्या ओळीवर हशा पिकला, तिथूनच सुरुवात करतो. चष्मे, नग ४०, दर ३०० रुपये. नऊ पानांच्या त्या प्रस्तावात ही ओळ वाचल्यावर मी तो पहिल्यापासून पुन्हा वाचला. साक्षरता वर्गात बसणाऱ्या बंद्यांत चाळिशी ओलांडलेलेही असतात. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, हे आपल्याला कळतं कारण आपण वाचतो. ज्याने आयुष्यात कधी वाचलंच नाही, त्याला आपली नजर गेलीय हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. तो वर्गात बसतो, अक्षरं फिसकटलेली दिसतात आणि ‘आपल्या डोक्यात शिरत नाही’ असं स्वतःच ठरवून मोकळा होतो. दोन आठवड्यांत वर्ग सोडतो. ज्याने चष्म्यांचा खर्च धरला, तो माणूस अशा विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्ष बसलेला आहे. ४२ पानांच्या प्रस्तावात टॅबच्या पडद्याचा आकार इंचात दिलाय, पण तो पडदा बघणाऱ्याचं वय कुठेच दिलेलं नाही.

म्हणून लगेच दुसऱ्यालाच पैसे द्या, असं मात्र म्हणत नाही. त्याच्यातही दोन-तीन मोठी भोकं आहेत, त्यांच्याकडे येतो. आधी तुरुंगातला वर्ग बाहेरच्या वर्गाहून कुठे वेगळा असतो ते बघू, कारण भाच्याच्या तक्त्याला नेमकं तेच माहीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे न्यायाधीन बंदी. चारातले तीन. यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा मुक्काम एका वर्षाच्या आतला असतो. कुणाचा जामीन होतो, कुणाची दुसऱ्या कारागृहात बदली होते, कुणी तारखेला कोर्टात जातो तो तिथूनच सुटतो. तुरुंगातला वर्ग म्हणजे एसटी आहे: प्रत्येक थांब्यावर काही उतरतात, काही चढतात, आणि सोमवारी बसलेले सगळेच्या सगळे शुक्रवारी असतील याची हमी कंडक्टरही देऊ शकत नाही. त्यामुळे असा कुठलाही प्रस्ताव वाचताना मी एकच गोष्ट शोधतो. विद्यार्थी ज्या दिवशी वर्गाला येत नाही, त्या दिवसाचं यांनी काय ठरवलंय? तो परत आला तर कुठून सुरू करणार? आलाच नाही तर त्याच्याबरोबर काय गेलं? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याला तुरुंग माहीत आहे. बाकीचे शाळेचा प्रकल्प उचलून तुरुंगात ठेवताहेत.

या कसोटीवर पहिला प्रस्ताव लावून बघा. ५०० लाभार्थी, १२ तुकड्या, प्रत्येक तुकडी तीन आठवड्यांची, रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस. म्हणजे एका माणसाला मिळाले ३० तास, तेही एक दिवसही न बुडता. २००९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या साक्षर भारत योजनेत मूलभूत साक्षरतेसाठी ३०० तासांचं शिक्षण धरलं होतं. त्याच्या दहाव्या हिश्श्यात ‘५०० निरक्षर बंदी साक्षर होतील’ हे वाक्य कसं बसतं, ते त्या संस्थेलाच विचारा. उलट हिशेबही करून बघा. रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर ३०० तासांना ४० आठवडे लागतात. त्यात झडती, नातेवाइकांच्या मुलाखतीचे दिवस, कोर्टाच्या तारखा, पहाऱ्याला माणूस नाही म्हणून रद्द झालेले वर्ग धरा. वर्ष सहज जातं.

गंमत अशी की तीन आठवड्यांची तुकडी ही कल्पना मुळात वाईट नाही. कच्च्या कैद्याला वर्षभराचा अभ्यासक्रम देण्यात अर्थ नसतो. पण ३० तासांत माणूस स्वतःची सही करायला, आकडे ओळखायला, कागदावर आपलं नाव, केस नंबर आणि पुढची तारीख कुठे आहे हे शोधायला शिकू शकतो. ज्याने आजवर प्रत्येक कागदावर, वकीलपत्रावरसुद्धा, न वाचता अंगठा उठवला, त्याच्यासाठी हे थोडंथोडकं नाही. संस्थेने एवढंच कबूल केलं असतं तर मी तिच्या बाजूने बोललो असतो. तिने ‘साक्षर’ हा शब्द वापरला, आणि आकडा मोठा दिसावा म्हणून वापरला.

आता त्यांच्या पान ७ वरचे ४३ टक्के. ‘तुरुंगात शिकलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटतं’ असं तिथे ठळक अक्षरात आहे, आणि तुमच्या तक्त्यात ‘पुराव्याचा आधार’ या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळालेत. हा आकडा अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अहवालातला. अहवाल खरा आहे, अभ्यासही गंभीर आहे. पण त्यातले ४३ टक्के हे शक्यतांच्या गुणोत्तरातली घट आहे. सोप्या भाषेत त्याच अहवालात सांगितलंय की पुन्हा तुरुंगात येण्याची जोखीम १३ टक्के अंकांनी, म्हणजे शंभरात साधारण १३ जणांनी, कमी दिसली. दोन्ही आकडे खरे, एक छापायला बरा दिसतो. शिवाय ते अभ्यास अमेरिकी तुरुंगांतले, तिथल्या शिक्षा झालेल्या कैद्यांचे, आणि त्यात शालान्त परीक्षेपासून महाविद्यालयीन आणि व्यवसाय शिक्षणापर्यंत सगळं आलं. तीन आठवडे टॅबवर अक्षरं गिरवणाऱ्या आपल्याकडच्या न्यायाधीन बंद्याला त्यातला कुठलाच आकडा लागू होत नाही. ज्याचा पहिला गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्याच्या ‘पुन्हा गुन्हा करण्या’चं प्रमाण मोजणार तरी कसं?

यातूनच एक सांगायचं आहे. तुमच्या तक्त्यातला ‘सुटकेनंतर पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण’ हा २० गुणांचा रकाना काढूनच टाका. लहान संस्थेकडे सुटलेल्या माणसाचा माग ठेवण्याचं साधन नसतं, आणि सुटलेल्या माणसालाही आपला माग ठेवलेला नको असतो. तुम्ही हा आकडा मागितलात तर तुम्हाला तो मिळेल. कुठून आला ते विचारू नका, एवढंच.

तोच प्रकार ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत’ या अटीचा. ही समजूत इतकी पसरलीय की सीएसुद्धा ती सांगतात. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सामान्य कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या पगाराला, प्रवासाला, देखरेखीला ती लागत नाही, आणि तुमच्या न्यासाला तर सीएसआरचे नियमच लागू नाहीत. दुसऱ्या प्रस्तावाने हा खर्च शून्य दाखवलाय आणि तिथे मात्र त्यांना पूर्ण गुण मिळाले. मला नेमका तो शून्यच खटकला. सगळे शिक्षक विनामानधन, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या दुचाकीवर येणार. मंडळाचा सगळा डोलारा सत्तरीतल्या एका मुख्याध्यापकांवर. ते आजारी पडले की वर्ग आजारी पडणार. सेवाभावाबद्दल मला आदर आहे, पण तुमचा पैसा दोन वर्षं टिकायचा असेल तर निदान एका माणसाला पगार द्यायला हवा आणि बाकीच्यांना पेट्रोलचे पैसे.

दुसऱ्या प्रस्तावातलं दुसरं भोक मोजमापाचं आहे. ‘वर्षअखेरीस ६० बंदी साक्षर होतील’ असं तेही म्हणतात, आणि कुणाला साक्षर म्हणायचं ते सांगत नाहीत. तुरुंगात दाखल होताना शिक्षण विचारलं जातं आणि माणूस सांगेल ते लिहिलं जातं. ‘सातवी’ म्हणून नोंदलेल्या माणसाला दोन ओळी वाचता येत नाहीत, असं सर्रास असतं. उलट लाज वाटते म्हणून किंवा वर्गाच्या निमित्ताने बराकीबाहेर पडता येतं म्हणून वाचता येणाराही ‘अनपढ’ म्हणून बसतो. त्यामुळे सुरुवातीला प्रत्येकाला एकेकट्याने बसवून पाच मिनिटं वाचायला देणं याला पर्याय नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या असर पाहणीत मुलांसाठी वापरतात ती पायरी इथेही चालते: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. मजकूर तेवढा मोठ्यांचा हवा. पन्नाशीच्या माणसाला ‘कमल, नमन कर’ वाचायला लावणं हा त्याचा अपमान आहे. घरून आलेलं पत्र, कॅन्टीनच्या हिशेबाची चिठ्ठी, जामिनाच्या अर्जातल्या चार ओळी, असं काहीतरी द्यावं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. किती जण एक पायरी वर चढले, एवढा एकच आकडा मागा. आणि त्याच कागदावर किती जण मधेच गेले, कुठे गेले: सुटले, बदली झाली, की वर्ग सोडला. तिन्ही वेगळे. सुटका झाली म्हणून गेलेला विद्यार्थी हे संस्थेचं अपयश नाही, पण तुमच्या तक्त्यात तो ‘गळती’ म्हणून धरला जाईल आणि गुण कापले जातील.

जाणाऱ्याबरोबर काय गेलं, हा माझा मघाचा प्रश्न इथे परत येतो. दोन्ही संस्थांना विचारा की विद्यार्थ्याची नोंद उल्लासमध्ये, म्हणजे केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, करणार का. २०२२ ते २०२७ या काळासाठीचा हा कार्यक्रम १५ वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे. त्याची वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी असते आणि उत्तीर्ण झालेल्याला प्रमाणपत्र मिळतं. ते सरकारी असल्याने बदली झालेल्या कारागृहातही चालतं आणि गावातही. पुढे शिकायचं असेल तर मुक्त विद्यालय आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. बंद्यांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत १०४ वा नियम हेच सांगतो: निरक्षर बंद्यांचं शिक्षण सक्तीचं असावं, आणि ते देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडलेलं असावं, म्हणजे सुटल्यावर खंड पडणार नाही. संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर छापलेल्या प्रमाणपत्राला बाहेर कोण विचारतो? त्यावर कारागृहाचं नाव असेल तर माणूस ते दाखवणारही नाही.

परवानगीचं पत्र तिन्ही प्रस्तावांना जोडलंय, असं तुमच्या टिपणात आहे. नीट बघा, पहिल्याला जोडलेलं पत्र परवानगीचं नाही. ‘आपल्या उपक्रमास शुभेच्छा’ असं ते पत्र आहे. परवानगी म्हणजे कोणत्या कारागृहात, कोणत्या विभागात, आठवड्याला किती तास, कोणकोणती नावं, कोणत्या तारखेपर्यंत. स्थानिक अधीक्षकांची तोंडी संमती असली आणि पुण्याच्या कारागृह मुख्यालयाचा कागद नसला, तर अधीक्षकांची बदली झाल्या दिवशी प्रकल्प गेटवर थांबतो. टॅबबद्दल त्यांना वेगळं विचारा. जिथे येणाऱ्याचा मोबाइलही गेटवर काढून घेतात, तिथे ५० टॅब कोणत्या आदेशाने आत जाणार, रात्री कुणाच्या ताब्यात राहणार, चार्जिंग कुठे होणार? उत्तर असेल तर उत्तमच. प्रस्तावात मला ते दिसलं नाही. शिक्षकमंडळाने साध्या शिवणीच्या वह्या लिहिल्यात, तारेच्या नाहीत, कारण तार गेटवरच अडते. तेही चष्म्यांसारखंच.

आणखी दोन गोष्टी तिघांनाही विचारण्यासारख्या आहेत. सक्तमजुरीच्या शिक्षेतला बंदी कारखान्यात काम करतो आणि त्याला मजुरी मिळते. रक्कम लहान असते, पण घरी पाठवायला किंवा कॅन्टीनला तीच असते. वर्ग कामाच्या वेळेत ठेवला तर त्याची मजुरी बुडते का? बुडत असेल तर सर्वांत गरीब माणूस वर्गाला येणार नाही आणि हजेरीपटावरून त्याचं कारणही कळणार नाही. दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडच्या तुरुंगात पावरी, भिलोरी, गोंडी, पारधी बोली, उर्दू, बंगाली, भोजपुरी बोलणारे असतात. त्यांना मराठी बाराखडीपासून सुरुवात करायला लावणं म्हणजे एकदम दोन गोष्टी शिकायला लावणं. तुमच्या भागात तर आदिवासी बंदी असणारच. शिक्षकमंडळात पावरी बोलणारं कुणी आहे का? नसेल तर आत बंद्यांमध्येच असतो. ब्रिटनमध्ये शॅनन ट्रस्ट नावाची संस्था याच पद्धतीवर चालते: वाचता येणारा कैदी न येणाऱ्याला एकास एक शिकवतो, दिवसाला साधारण २० मिनिटं. बाहेरचा शिक्षक आला नाही तरी हे थांबत नाही. फक्त शिकवणारा बंदी निवडताना जपावं लागतं. बराकीत ज्याचा आधीच दरारा आहे त्याच्या हातात हजेरीपट दिला तर वर्गाची जागा मिळवण्याचाही भाव ठरतो. कोण निवडणार आणि त्याच्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, हे लिहून मागा.

महिला बंद्यांचा उल्लेख तिन्हींपैकी फक्त तिसऱ्यात आहे, तोही एका ओळीत. त्यांचा विभाग वेगळा, संख्या कमी, शिक्षिका लागतात, म्हणून त्या ‘पुढच्या टप्प्यात’ जातात आणि तो टप्पा येत नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत असतात. आई शिकत असताना मूल कुठे बसणार, या प्रश्नाला बजेटमध्ये जागा लागते.

तिसऱ्या प्रस्तावाबद्दल थोडक्यात. त्याची पहिली दोन पानं मंडालेतले लोकमान्य आणि धुळ्याच्या तुरुंगातले विनोबा यांनी भरलीत. आपल्याकडे तुरुंग आणि पुस्तक म्हटलं की हा मोह कुणालाच आवरत नाही. पण ती माणसं आत जाताना वाचूनच गेली होती. इथे प्रश्न ज्याला सही येत नाही त्याचा आहे. त्याच्यासाठी ५०० कादंबऱ्यांचं कपाट म्हणजे कुलूपबंद कपाटच. ग्रंथालय हवंच, पण नवसाक्षरांचं: मोठा टाइप, पातळ पुस्तकं, रोजचं वर्तमानपत्र, कायद्याची सोपी माहिती, आणि पुस्तक बराकीत नेण्याची मुभा. लेखन कार्यशाळेतून ‘निवडक लेखनाचा संग्रह’ काढायचं त्यांनी लिहिलंय. त्याला माझा विरोध आहे. खटला चालू असलेल्या माणसाने भावनेच्या भरात काय लिहिलं आणि ते छापून आलं तर त्याचा वकील काय म्हणेल, याचा विचार त्यात नाही.

वहिनींच्या फोटोचंही इथेच. चेहरे, नावं, गुन्ह्यांच्या गोष्टी काहीही नको, संमतीपत्र असलं तरी. गेट ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर दिलेली संमती किती खरी असते? शिवाय न्यायाधीन बंदी कायद्याने निर्दोष आहे, आणि तुमच्या स्मरणिकेतला त्याचा फोटो तो सुटल्यावरही तिथेच राहणार. वहिनींना वह्यांचा फोटो चालेल का बघा.

दादांना समजावायला जाऊ नका. त्यांचा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरात गुन्हा घडला त्याला हा खर्च टोचणारच, आणि त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना फक्त ते चारातले तीन सांगा, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. आणि तरीही मन मानत नसेल तर त्यांचं विरुद्ध मत इतिवृत्तात नोंदवा. एकमताच्या हट्टापायी उद्घाटनाचे कार्यक्रम होतात.

पैसे देण्याआधी एकदा वर्ग बघून या. १५ ऑगस्ट किंवा गांधी जयंतीला नको, त्या दिवशी सतरंजी अंथरलेली असते. साधा मंगळवार बघा. परवानगीला वेळ लागेल, लागू द्या. कुणालाही ‘तू काय केलंस’ विचारू नका आणि कुणाला उभं करून वाचायलाही लावू नका. वह्या मागा. तपासलेल्या आहेत का, तारखा आहेत का, चुका त्याच त्याच आहेत की बदलताहेत? हजेरीपट मागा. तो सगळा भरलेला असेल तर मला शंका येईल. तुरुंगातल्या खऱ्या हजेरीपटात भोकं असतात आणि शेजारी ‘कोर्ट’, ‘मुलाखत’, ‘ताप’, ‘बदली’ असं लिहिलेलं असतं.

माझा कौल विचाराल तर असा. शिक्षकमंडळाला दोन वर्षांसाठी द्या, आणि त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त द्या. साडेसहाऐवजी वर्षाला साडेसात लाख, वाढीव लाखातून एक अर्धवेळ समन्वयक आणि शिक्षकांचा प्रवासखर्च. माणशी साडेबारा हजार पडतील, पहिल्या प्रस्तावात माणशी २,८०० पडत होते. बैठकीत हा फरक कुणीतरी काढेलच. तेव्हा ३० तासांचा हिशेब पुढे ठेवा. हे १५ लाख झाले. दोन लाख तिसऱ्या संस्थेला, फक्त नवसाक्षरांच्या पुस्तकांसाठी, शिक्षकमंडळ शिकवतं त्याच कारागृहात आणि महिला विभागासकट. कार्यशाळा आणि संग्रह वगळून. उरलेला एक लाख राखून ठेवा. दुसऱ्या वर्षी असं काहीतरी लागेल जे आज कुणालाच सुचलेलं नाही. पहिला हप्ता परवानगीचं पत्र हातात आल्यावर, दुसरा सुरुवातीच्या चाचणीचे कागद बघितल्यावर. किती जण शिकले यावर हप्ता बांधू नका, म्हणजे कुणाला आकडे फुगवावे लागणार नाहीत.

कागदपत्रांचं नेहमीचंच: मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२एबी आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या नोंदण्या), तीन वर्षांचे हिशेब. तुमच्या विश्वस्तपत्रात ‘शिक्षण’ हा उद्देश आहे ना, तेही बघा. आणि २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम उद्देशावरचा खर्च म्हणून धरली जाते, याचा हिशेब सीएंकडून आधीच करून घ्या.

मोठ्या संस्थेला नकार कळवताना कारणं लिहा: ३० तास, शुभेच्छांचं पत्र, टॅबची सोय. कच्च्या कैद्यांसाठी सही, आकडे आणि कोर्टाचे कागद एवढ्याच उद्दिष्टाचा, पाच-सहा लाखांचा प्रस्ताव त्यांनी पुढच्या वर्षी आणला तर जरूर वाचा, त्यांच्याकडे माणसं आणि अनुभव दोन्ही आहे. शिक्षकमंडळाला सुधारित अंदाजपत्रक मागा आणि ते मराठीत, हाताने लिहिलेलं चालेल असं स्पष्ट कळवा. नाहीतर ते मुख्याध्यापक कुणाकडून तरी ४२ पानं टाइप करून आणतील आणि त्यात चष्म्यांची ओळ नसेल.